शनवारी घाणा बंद

चाळिशीत मी बी.ए.ला नाव घातलं. भूगोल आणि जगातले धर्म, दोन्ही चाचण्या एकाच आठवड्यात. धर्मात नापास झाले, हसू नका! लेकीपासून मात्र ते लपवलं.

पुन्हा तयारीला लागले. भाकऱ्या थापताना मोठ्यानं पाठ करत होते, ज्यू लोक शनिवारी काम करत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे आमच्या अलिबागकडचे शनवार तेली! शनवारी त्यांचा घाणा बंद, आई सांगायची." तेच बेने इस्रायली, १९४८ नंतर बरेचजण इस्रायलला गेले.

मग नकाशा भिंतीवर लावला. जेरुसलेम ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिघांनाही पवित्र. सासूबाई रोज विचारतात, "दाखव कुठंय?"

परवा पेपर आहे. लेकीला काल सगळं सांगितलं.