मंचावरून वास्तूकडे : एका वादकाची वाट

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपली ज्ञाती वाद्याची आहे. देवळापुढचा चौघडा, लग्नातील सनई आणि ताशा, आणि पुढे त्यांच्या जोडीस आलेला पितळी बँड, यांवर आपल्यापैकी बहुतेक घरांची चूल पेटत आली. त्यामुळे संमेलनात वाद्याची गोष्ट निघाली नाही असे वर्ष जात नाही. अलीकडे मात्र त्या गोष्टीस तक्रारीचा सूर लागला आहे. मुले वाद्यास हात लावीत नाहीत. कोणी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नोकरी धरतो, कोणी ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा धंदा काढतो, आणि वडीलमंडळी म्हणतात, घराण्याचा नाद बुडाला. वादक मंचावरून उतरला म्हणजे त्याची कला संपली काय, असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर उपदेशाने देण्यापेक्षा एका परदेशी वादकाची हकीकत आपणांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे. गृहस्थ आपल्या देशाचा नव्हे. त्याचे संगीतही आपल्या कानांस अनोळखी. तथापि तो ज्या वाटेने गेला ती वाट आपल्या दारावरून जाते, अशी आमची समजूत आहे.

त्याचे नाव डेव्हिड बर्न. जन्म 1952 साली स्कॉटलंडमधील डंबार्टन गावी. आईबापांबरोबर तो लहानपणीच प्रथम कॅनडात व नंतर अमेरिकेत आला. ऱ्होड आयलंड येथील प्रसिद्ध कलाविद्यालयात त्याने प्रवेश घेतला, परंतु शिक्षण पुरे केले नाही. तेथे ओळख झालेले क्रिस फ्रांट्झ आणि टीना वेमाउथ यांच्यासह त्याने 1975 साली न्यूयॉर्क येथे 'टॉकिंग हेड्स' नावाचा बँड काढला. फ्रांट्झ ड्रम वाजवी, वेमाउथबाई खर्जाची गिटार वाजवीत, आणि बर्न गिटार घेऊन गाई. 1977 साली जेरी हॅरिसन त्यांना मिळाला. 'सीबीजीबी' नावाच्या एका लहानशा, अंधाऱ्या मद्यगृहात त्यांनी आरंभ केला आणि पाहता पाहता त्यांचे नाव सर्व पाश्चात्त्य जगात गाजले.

या बँडच्या कार्यक्रमावर 'स्टॉप मेकिंग सेन्स' नावाचा चित्रपट 1984 साली निघाला. त्याच्या आरंभी रिकाम्या मंचावर बर्न एकटाच येतो. हाती गिटार, आणि जवळ ध्वनिफीत वाजविणारे एक यंत्र. पुढे प्रत्येक गीतागणिक एकेक साथीदार येऊन मिळतो आणि अखेरीस मंच भरून जातो. मंच म्हणजे काय, तो रिकामा असतो तेव्हा कसा असतो आणि भरतो तेव्हा कसा होतो, याचा विचार या माणसाच्या मनात तेव्हापासूनच चालू असावा. 1991 साली बँड मोडल्याचे जाहीर झाले. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, कीर्ती पाहून चुकलेल्या वादकाने पुढे काय करावे? जुनीच गीते गावोगाव वाजवीत राहणे ही सोपी वाट होती. बर्न गात राहिला, लिहीत राहिला, परंतु त्याबरोबरच तो एका निराळ्याच दिशेस वळला.

ती दिशा समजण्यासाठी त्याचा एक विचार ध्यानी घेतला पाहिजे. संगीत कसे घडते या विषयावर त्याने 2012 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो म्हणतो की, कलावंत आधी मनात संगीत रचतो आणि मग त्यास जागा शोधतो, ही समजूत बहुधा उलटी आहे. आधी जागा असते, आणि त्या जागेस शोभेल असे संगीत जन्मास येते. दगडी उंच चर्चमध्ये स्वर दीर्घकाळ घुमतो, म्हणून तेथे संथ, लांबणारे गायन वाढले. जलद लयीची गर्दी तेथे केली तर नुसता कल्लोळ होईल. लहान, माणसांनी दाटलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून तेथे तालाचे बारकावे ऐकू येतात. हा सिद्धान्त त्याने बँडमध्ये राहूनच कमावला. ज्याने शंभर ठिकाणी वाजविले त्यास शंभर भिंती ऐकू आलेल्या असतात.

मंडळी, ही गोष्ट आपल्या वडिलांस ग्रंथ न वाचता ठाऊक होती. मांडवातील सनई आणि गाभाऱ्यासमोरील सनई त्यांनी एका दमात कधी वाजविली नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे तो पाहा. नगारा वाजविणाऱ्याने जमिनीवर बसावयाचे नाही, दरवाजाच्या माथ्यावर बसावयाचे. खालच्या माणसास वादक दिसत नाही, तेथे कोणी तिकीट काढून बसत नाही, टाळ्या पिटीत नाही. नाद त्या वास्तूचा होऊन जातो. बर्नने आपल्या नगारखान्याचे अनुकरण केले असे म्हणण्याचा पोकळ अभिमान आम्ही बाळगीत नाही. एवढेच म्हणतो की, नाद हा वास्तूचा असू शकतो ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही.

पाश्चात्त्य देशांत या कल्पनेस अलीकडच्या काळात स्वतंत्र कलेचे रूप आले. तिला ध्वनीचे मांडणशिल्प म्हणता येईल: ठरलेल्या वेळी सुरू होऊन संपणारी मैफल नव्हे, तर एखाद्या जागेत नाद मांडून ठेवावयाचा आणि येणाऱ्याने आपल्या सवडीने तो अनुभवावयाचा. या मार्गाचा एक आद्य प्रवासीही वादकच होता. मॅक्स न्यूहाउस हा 1939 साली टेक्सासमध्ये जन्मलेला तालवादक. न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये एकट्याचे कार्यक्रम करण्याइतकी त्याची योग्यता; पण वयाची तिशीही पुरी झाली नव्हती तोच, 1968 च्या सुमारास, त्याने मैफली सोडल्या. 1977 साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर या अतिशय गजबजलेल्या चौकात, पादचाऱ्यांच्या पायांखालील जाळीच्या आत, त्याने एक अखंड नाद बसविला. मोठी घंटा वाजून गेल्यावर मागे जी घुमार उरते तसा तो आहे. तेथे पाटी नाही, नाव नाही. ज्याचे लक्ष जाईल त्याने थांबावे, न जाईल त्याने पुढे चालावे. 1992 साली तो नाद बंद पडला आणि 2002 साली पुन्हा सुरू झाला. न्यूहाउस 2009 साली वारला.

आता बर्नकडे वळू. 2005 साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे, फार्गफाब्रिकेन नावाच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत, त्याने 'प्लेइंग द बिल्डिंग' म्हणजे 'इमारत वाजविणे' या नावाची रचना मांडली. 2008 साली ती न्यूयॉर्कमधील बॅटरी मेरिटाइम बिल्डिंग या 1909 साली बांधलेल्या होडीतळाच्या इमारतीत, आणि 2009 साली लंडनच्या राउंडहाउस या आगगाडीच्या इंजिनांसाठी बांधलेल्या जुन्या वर्तुळाकार शेडमध्ये मांडली गेली.

रचना अशी. भव्य, रिकामे दालन. मध्यभागी एक जुनी पायपेटी. होय, पायपेटीच, आपल्या संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात बालगंधर्वांच्या गायनास जिची साथ असे, त्याच जातीचे वाद्य. पेटीच्या पाठीमागून पुष्कळ नळ्या व तारा निघून दालनभर पसरलेल्या. एक पट्टी दाबली की दूरच्या लोखंडी तुळईस जोडलेली मोटर फिरू लागते आणि तुळई थरथरून गुणगुणते. दुसरी दाबली की जुन्या पाण्याच्या नळात हवा फुंकली जाते आणि तो बासरीसारखा बोलतो. तिसरी दाबली की लहानशी हातोडी पोकळ खांबावर ठोका देते. ध्वनिक्षेपक एकही नाही. आवाज लहान-मोठा करणारे यंत्र नाही. जो नाद निघतो तो त्या तुळयांचा, त्या नळांचा, त्या खांबांचा. प्रत्येक शहरात इमारत निराळी, म्हणून वाद्यही निराळे.

आणि बर्न स्वतः कोठे? तो पेटीवर बसलेला नाही. पेटीसमोर जमिनीवर 'कृपया वाजवा' अशा अर्थाचे दोन शब्द रंगविलेले. येईल त्याने बसावे आणि वाजवावे. येथे गंमत अशी की, कसबी वादक आणि सहा वर्षांचे मूल यांत फरक फारसा राहत नाही. खांब आणि नळ कोणत्या स्वरात बोलतील हे कोणासच आधी ठाऊक नसते, त्यामुळे कमावलेल्या बोटांची मिरास तेथे चालत नाही. हजारो श्रोत्यांपुढे उभा राहिलेला माणूस स्वतः बाजूस सरतो आणि आपली जागा येणाऱ्याजाणाऱ्यास देतो. वादकास याहून अवघड काम दुसरे नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही ही हकीकत निवडली तो सांगतो. आपल्या पुष्कळ देवळांतून आता विजेवर चालणारा नगारा आणि घंटा आली आहे. कळ दाबली की मोटर फिरते, लोखंडी दांडी नगाऱ्यावर आपटते, घंटा हलते, झांज वाजते आणि आरती पार पडते. जेथे आपल्या चार माणसांचा हक्क होता तेथे एक कळ उरली. वडीलमंडळी यंत्रास शिव्या देतात. परंतु सभ्य हो, बर्नच्या दालनातही मोटरच आहे आणि हातोडीच आहे! मग दोहोंत भेद कोणता? देवळातील मोटर माणसाचा हात काढून घेते. एकदा कळ दाबली की दाबणारा निघून गेला तरी चालतो. संथ आरती असो की द्रुत, भाविक दहा असोत की हजार, ठोका तोच. बर्नच्या दालनातील मोटर माणसाच्या बोटाची वाट पाहत बसते. बोट उचलले की ती गप्प. पहिल्या यंत्रात ऐकणारा कोणी नाही. दुसऱ्यात वाजविणाराच पहिला ऐकणारा आहे. तात्पर्य, यंत्र आपले वैरी नव्हे. ज्या मांडणीत हात आणि कान यांची गरज उरत नाही, ती मांडणी आपली वैरी होय.

या दृष्टीने पाहिले तर वादकाची खरी इस्टेट कोणती ते कळते. सनईचे लाकूड नव्हे, बँडचा लाल-सोनेरी पोशाख नव्हे, मंचावरची खुर्ची नव्हे. जागा ऐकणारा कान आणि त्यास अनुसरणारा हात ही ती इस्टेट. बर्नने बँड सोडला पण ही इस्टेट सोडली नाही. म्हणूनच तो पुन्हा मंचावर येऊ शकला. 2019 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याने 'अमेरिकन युटोपिया' हा प्रयोग केला. त्यात मंचावर तारा नाहीत, वाद्यांची अडगळ नाही. सर्व वादक वाद्ये अंगावर बांधून, अनवाणी, चालत-नाचत वाजवितात. वरातीपुढे चालत वाजविणाऱ्या आपल्या मंडळींस हे दृश्य दाखविले तर ती म्हणतील, यात नवे ते काय!

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. बर्नपाशी आधीच कीर्ती होती, त्याच्यामागे संस्था होत्या. आमच्या पोराने लग्नसराई सोडून इमारती वाजवीत बसावे, तर त्याच्या पोटास कोण घालील? आमचे म्हणणे तसे नाहीच. लग्नसराई सोडू नये. ध्वनिमुद्रणाची नोकरी मिळाली तर ती अवश्य धरावी. फक्त एवढेच की, नोकरी धरणारा मुलगा घराण्यातून गेला असे मानू नये, आणि त्यानेही आपला कान घरी ठेवून जाऊ नये. ज्या मुलाने आजोबांच्या मांडीवर बसून चौघडा ऐकला, तो ध्वनिक्षेपकाच्या खुंटीवर बोट ठेवील तेव्हा किती आवाज पुरे हे त्यास कळले पाहिजे. मिरवणुकीत घरांची तावदाने हादरविणारा जो 'डॉल्बी' आपण ऐकतो, तो वाजविणाऱ्यास वाद्य येत नाही हे दुःख लहान आहे. त्यास ऐकू येत नाही, हे मोठे.

आता दोन विनंत्या करून भाषण आटोपतो. पहिली, आपल्या घरांतून सनई-चौघडा जाणणारी जी वृद्ध माणसे अद्याप हयात आहेत, त्यांचे वादन ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातील आपल्याच मुलांनी मुद्रित करावे. आणि ते बंद खोलीत न करता ज्या देवळात, ज्या वेळी ते वाजत आले तेथे आणि तेव्हा करावे, म्हणजे स्वराबरोबर ती जागाही मुद्रित होईल. पंचविशीतला नातू आणि पंच्याहत्तरीचा आजोबा यांस एके ठिकाणी बसविण्याचे याहून चांगले निमित्त आम्हांस दिसत नाही.

दुसरी विनंती कार्यकारी मंडळास. आपल्या सभागृहात एका दिवंगत ज्ञातिबंधूने दिलेली पायपेटी आहे. ती खराब होऊ नये म्हणून तिला कुलूप असते आणि किल्ली चिटणिसांपाशी असते. ज्यांच्या घरात वाद्य आहे त्यांनीच तिला शिवावे, आणि मुलींनी तर शिवूच नये, असा अलिखित नियम चालत आला आहे. आमची सूचना अशी की, दर रविवारी सकाळी ते कुलूप काढावे. पेटीसमोर पाटी लावावी, आणि तिच्यावर मनाईचे शब्द न लिहिता 'कृपया वाजवा' हे दोनच शब्द लिहावे. मुले येतील, मुली येतील. काही दिवस सभागृहात भयंकर गोंगाट होईल. एखाददुसरी पट्टी तुटेल, ती दुरुस्त करता येईल. कुलूपबंद पेटीचा भाता मात्र न वाजविताच कुजतो, हे आपण सर्व वाजविणारे लोक जाणतो.

 ही सूचना पुढील बैठकीत मांडून तिचा निर्णय लावावा, एवढे मागून आपली रजा घेतो.