रक्तवाहिनीच्या अभ्यासासाठी पेशींची पारख
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेतील भाषण)



मधुमेहाने पायाची जखम चिघळलेला रुग्ण येतो, तेव्हा घरची मंडळी आम्हांला एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टरसाहेब, पाय वाचेल ना?" त्याचे उत्तर पुष्कळसे पायाच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते. वाहिनीच्या आतल्या बाजूस अवघ्या एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. त्यास एंडोथेलियम म्हणतात. वाहिनी सैल ठेवणे आणि रक्त गोठू न देणे ही त्याची कामे. मधुमेह, रक्तदाब व तंबाखू यांमुळे या अस्तराला इजा होते.

आपल्या रुग्णालयात संशोधनाची प्रयोगशाळा नाही. परंतु आम्ही देतो त्या औषधांचा अभ्यास जेथे सुरू होतो, तेथील एक गोष्ट आज सांगावीशी वाटते.

१९७३ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी नवजात बाळाच्या नाळेतील शिरेतून या अस्तराच्या पेशी मिळवून प्रयोगशाळेत वाढविल्या. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ अशी कामी आली. मात्र या पेशी काही पिढ्यांनंतर थकतात, आणि प्रत्येक नाळेच्या पेशी थोड्या वेगळ्या वागतात. म्हणून अखंड वाढणाऱ्या पेशींचा वंश, म्हणजेच सेल लाईन, तयार करण्यात आली. १९८३ मध्ये नाळेच्या पेशींचा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींशी संयोग करून 'ईए.एचवाय ९२६' हा वंश निर्माण झाला. तो सोयीचा खरा, पण त्यात कर्करोगाचा अंश आहे, हे विसरून चालत नाही.

याहून मोठा धडा 'ईसीव्ही ३०४' या वंशाने दिला. १९९० मध्ये तो नाळेच्या शिरेतील पेशींचा म्हणून जाहीर झाला आणि अनेक प्रयोगशाळांनी वापरला. १९९९ मध्ये डीएनए तपासणीत आढळले, की त्या पेशी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या 'टी २४' या वंशाच्या आहेत! रक्तवाहिनीचे म्हणून काढलेले कित्येक निष्कर्ष त्यामुळे संशयास्पद ठरले. पिशवीवरचे नाव एक आणि आतले बियाणे दुसरे निघाले, तर काय होते, हे आपल्या जिल्ह्यातील कापूस-सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

म्हणून जाणते संशोधक आधी प्रश्न ठरवितात, मग पेशी निवडतात. मेंदूच्या वाहिन्यांसाठी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला, मेंदूतील सूक्ष्म वाहिन्यांपासून घेतलेला वंश अधिक जवळचा. नाळेची शीर ही प्रौढ माणसाच्या पायाची धमनी नव्हे; बशीतील पेशींवरून रक्त वाहतही नाही. सोयीच्या वंशावर मिळालेले उत्तर माणसाच्या ताज्या पेशींवर पुन्हा पडताळावे लागते. पुण्यात एनसीसीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत पेशींचे भांडार आहे. तेथून देशभरातील संशोधकांना पेशी पुरविल्या जातात. अशा ठिकाणाहून पेशी घेणे आणि त्यांची ओळख वेळोवेळी तपासणे, हेच श्रेयस्कर.

आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती असते आणि तिचा हिशेब लेखापरीक्षक तपासतात. प्रयोगशाळेतील पेशीलाही अशीच पावती हवी: ती कोठून आली, कोणाच्या संमतीने आली आणि खरोखर तीच आहे काय? आपल्या घरातील एखाद्या बाळंतिणीकडे कधी नाळ मागितली गेली, तर उद्देश विचारावा, समजून घ्यावा आणि पटल्यासच संमती द्यावी. त्या दानाचा मान पेशीची पारख करणाऱ्याने राखावयाचा असतो. कारण त्याच्या चुकीची किंमत अखेर रुग्णाला मोजावी लागते.