नऊ जणींचा एक डॉलर



टेनिस हा सुखवस्तू लोकांचा खेळ; त्याची चर्चा श्रमिकांच्या प्रश्नांना वाहिलेल्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या खेळाडूच्या कारकिर्दीचा येथे विचार करावयाचा आहे, ती अग्निशामक दलातील एका जवानाची मुलगी होती. सार्वजनिक उद्यानातील मैदानावर ती खेळ शिकली. व्यवसायाची सूत्रे हाती असणाऱ्यांचा बहिष्कार तिने पत्करला. आणि आपल्या व्यवसायातील स्त्रियांची संघटना तिने एका हॉटेलच्या दालनात, दार बंद करून उभी केली. बिली जीन किंग यांची विजेतेपदे वर्तमानपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर पुष्कळदा मोजली गेली आहेत. मोबदल्याचा प्रश्न त्यांनी कसा हाताळला, याचा अभ्यास मात्र अर्थशास्त्राच्या आणि संघटनकार्याच्या विद्यार्थ्यांनी करावा असा आहे.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९४३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झाला. माहेरचे नाव मॉफिट. शेजाऱ्यापाजाऱ्यांची किरकोळ कामे करून साठविलेल्या सुमारे आठ डॉलरांत तिने पहिली रॅकेट विकत घेतली. लाँग बीचच्या सार्वजनिक उद्यानांत क्लाइड वॉकर नावाचे शिक्षक मुलांना विनामूल्य टेनिस शिकवीत; तेच तिचे पहिले गुरू. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातील मैदाने आणि शिक्षक या बाबीला कात्री लावणे फार सोपे असते, कारण त्या खर्चाचे फळ वीस वर्षांनी दिसते आणि ते कोणाच्या नावावर जमा करावे हेही कळत नाही. १९५५ मध्ये लॉस एंजल्स टेनिस क्लबवर मुलांचे सामूहिक छायाचित्र काढताना या मुलीला बाजूला काढण्यात आले. कारण तिने टेनिसचा पांढरा झगा न घालता आईने शिवलेली अर्धी विजार घातली होती. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, तिने कॅरेन हँत्झे हिच्यासह विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली. पण त्यानंतर महाविद्यालयात गेल्यावर तिला क्रीडा-शिष्यवृत्ती मिळाली नाही. त्याच शहरातील विद्यापीठांत आर्थर अ‍ॅश, स्टॅन स्मिथ या तरुणांना ती मिळत होती. विम्बल्डन जिंकलेली मुलगी शिकता शिकता लहानसहान नोकऱ्या करीत होती.

त्या काळच्या टेनिसची अर्थव्यवस्था समजून घेतल्यावाचून पुढची कथा नीट उलगडत नाही. १९६८ पर्यंत विम्बल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. हौशी म्हणजे जो पैसे घेत नाही तो. प्रत्यक्षात नामवंतांना पडद्याआडून पैसे दिले जात, आणि तो व्यवहार सर्वांस ठाऊक होता. या ढोंगाचा खरा उपयोग दुहेरी होता: ज्याच्या घरी वडिलोपार्जित पैसा नाही तो फार काळ खेळात टिकू नये, आणि जो टिकेल त्याने मोबदल्याबद्दल उघडपणे बोलू नये. १९६८ मध्ये व्यावसायिकांना दार उघडले आणि पहिल्याच वर्षी विम्बल्डनच्या विजेत्या रॉड लेव्हर यांना २,००० पौंड मिळाले. विजेत्या बिली जीन किंग यांना ७५० पौंड. पैसा झाकलेला होता तोवर विषमताही झाकलेली होती. तो उजेडात आला तेव्हा तीही उजेडात आली.

अर्थशास्त्रात विक्रेत्याच्या मक्तेदारीचा बोलबाला फार. खरेदीदाराच्या मक्तेदारीकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. एखाद्या गावात एकच गिरणी असेल तर मजुराला दुसरीकडे जाण्याची सोय नसते, आणि मजुरी त्याच्या कामाच्या मोलावर न ठरता त्याच्या असहायतेवर ठरते. टेनिसमध्ये राष्ट्रीय संघटना ही अशी एकमेव गिरणी होती. कोण खेळणार, कुठे खेळणार, कोणाला कोणता क्रमांक, हे सारे तिच्या हाती. १९७० मध्ये लॉस एंजल्सच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेने पुरुष विजेत्यास १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीस १,५०० डॉलर जाहीर केले. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत न पोहोचणाऱ्या स्त्रियांना काहीच नाही. स्पर्धेचे सूत्रधार जॅक क्रेमर हे स्वतः विम्बल्डनचे माजी विजेते. स्त्रियांच्या विनवण्यांचा त्यांच्यावर परिणाम झाला नाही.

तेव्हा ‘वर्ल्ड टेनिस’ या मासिकाच्या प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांनी टेक्सासमधील ह्यूस्टन येथे स्त्रियांची वेगळी स्पर्धा भरविली; एकूण पारितोषिके ७,५०० डॉलरांची. अमेरिकन संघटनेने निलंबनाचा धाक घातला. त्यावर सप्टेंबर १९७० मध्ये नऊ जणींनी हेल्डमनबाईंशी प्रत्येकी एका डॉलरचा व्यावसायिक करार केला. बिली जीन किंग, रोझी कॅसल्स, नॅन्सी रिची, ज्युली हेल्डमन, पीचेस बार्टकोविच, क्रिस्टी पिजन, व्हॅलरी झिगेनफस या सात अमेरिकन. ज्युडी डाल्टन आणि केरी मेलव्हिल या दोघी ऑस्ट्रेलियाच्या. एक डॉलर ही रक्कम हास्यास्पद होती, पण त्या सहीचा अर्थ असा की, आपले श्रम कोणाला विकावयाचे हे यापुढे आपण ठरवू. दोन्ही देशांच्या संघटनांनी या खेळाडूंवर बडगा उगारला. किंगबाईंजवळ तोवर विम्बल्डनची तीन एकेरी विजेतेपदे होती. त्यांचे फारसे अडले नसते. क्रमवारीच्या खालच्या पायरीवर असलेल्यांनी मात्र सही करताना आपली सारी पुंजीच डावावर लावली, आणि इतिहासात त्यांची नावे सहसा ‘इतर’ म्हणून येतात. ह्यूस्टनची ती स्पर्धा रोझी कॅसल्स यांनी जिंकली, हेही फारसे कोणाला आठवत नाही.

आता अडचणीच्या भागाकडे वळले पाहिजे. या बंडाला पैसा कोणी पुरविला? फिलिप मॉरिस या सिगारेट-कंपनीने. स्त्रियांसाठी म्हणून १९६८ मध्ये तिने ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ नावाची सिगारेट बाजारात आणली होती, आणि स्त्रीमुक्तीची भाषा उसनी घेऊन ती विकली जात होती. कंपनीचे प्रमुख जोसेफ कलमन यांना टेनिसची आवड होती हे खरे. पण केवळ आवडीपायी भांडवल हलत नाही. अमेरिकेत १९७० मध्ये कायदा झाला आणि जानेवारी १९७१ पासून दूरचित्रवाणी व रेडिओवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. कंपन्यांना पर्यायी मार्ग हवाच होता. कोर्टाच्या कडेच्या फलकावरील नाव वर्तमानपत्रांत व छायाचित्रांत आपोआप येते. त्याला बंदी नव्हती. ज्या खेळात फुप्फुसांचा कस लागतो त्या खेळाची मालिका सिगारेटच्या नावाने वर्षानुवर्षे चालली. किंगबाईंनी या पैशाचे जाहीर समर्थन केले. दुसरे कोणी पुढे आले नव्हते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ते खरेही होते. तरीही एका मक्तेदाराच्या हातून सुटण्यासाठी दुसऱ्या सावकाराकडे जावे लागले आणि त्याने व्याज तिसऱ्याच स्त्रियांकडून, म्हणजे सिगारेट ओढू लागलेल्या मुलींकडून वसूल केले, ही गोष्ट विसरून या लढ्याचे मूल्यमापन करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मालिका चालली ती मात्र कंपनीच्या पैशावर नव्हे, खेळाडूंच्या कष्टांवर. रस्त्यावर उभे राहून तिकिटे वाटणे, भल्या पहाटे गावच्या रेडिओ-केंद्रावर मुलाखत देणे, रात्री सामना खेळणे आणि दुसऱ्या गावी निघणे, असा तो क्रम होता. १९७१ मध्ये किंगबाईंची वर्षाची कमाई एक लाख डॉलरांवर गेली. स्त्री खेळाडूंत हे प्रथमच घडत होते. ख्रिस एव्हर्ट आणि इव्हॉन गुलागाँग या गुणी तरुण खेळाडू अधिकृत संघटनेच्या बाजूला राहिल्या आणि काही काळ स्त्रियांच्या दोन फळ्या पडल्या. १९७३ मध्ये तडजोड झाली.

पुरुषांनी १९७२ मध्ये आपली संघटना स्थापिली होती, ती केवळ पुरुषांची. जूनमधील विम्बल्डनच्या तोंडावर, १९७३ मध्ये, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात साठाहून अधिक स्त्री खेळाडू जमल्या. निर्णय होईपर्यंत कोणी बाहेर जाऊ नये म्हणून नेदरलँड्सच्या उंचनिंच बेटी स्टोव्ह यांना दारापाशी उभे करण्यात आले होते. ज्यांनी कधी कामगारांची सभा घेतली आहे त्यांना या दाराचे महत्त्व सांगावयास नको. विचार करून सांगतो म्हणून बाहेर पडलेला माणूस क्वचितच परत येतो. त्या सभेतून महिला टेनिस संघटना जन्मली आणि किंगबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

१९७२ ची अमेरिकन खुली स्पर्धा जिंकून त्यांना १०,००० डॉलर मिळाले होते. पुरुष विजेते इली नास्तासे यांना २५,०००. रक्कम समान झाली नाही तर पुढच्या वर्षी स्त्रिया येणार नाहीत, असे त्यांनी तेव्हाच बजावले. मात्र केवळ इशारा देऊन त्या थांबल्या नाहीत. तफावत भरून काढील असा पुरस्कर्ता शोधून त्यांनी चालकांपुढे उभा केला. १९७३ मध्ये मार्गारेट कोर्ट आणि जॉन न्यूकोम या दोन्ही विजेत्यांना प्रत्येकी २५,००० डॉलर मिळाले. समान पारितोषिकाचा पहिला धनादेश घेणाऱ्या कोर्टबाई एक डॉलरची सही करणाऱ्या नऊ जणींत नव्हत्या. संपाचे फळ संपात नसलेल्यांनाही मिळते. तो संघटनेचा दोष नसून तिच्या स्वभावातच ते आहे.

समान रकमेविरुद्धचे युक्तिवाद तेव्हा जे होते तेच पुढे कित्येक वर्षे ऐकू आले. स्त्रिया तीनच सेट खेळतात, पुरुष पाच. म्हणून मोबदला कमी. पण मोठ्या चार स्पर्धा वगळता बहुतेक स्पर्धांत पुरुषही तीनच सेट खेळतात आणि त्यांचे पैसे त्यामुळे कोणी कापत नाही. गवयाचे मानधन तो किती घटका गातो यावर ठरत नसते. दुसरा युक्तिवाद प्रेक्षकसंख्येचा. त्याला थोडे वजन आहे. पण मुख्य कोर्ट कोणाला, सामन्याची वेळ कोणती, जाहिरातीत चेहरा कोणाचा, हे ठरविणाऱ्यांनीच पुढे ‘बाजाराचा कौल’ दाखवावा यात एक प्रकारची चलाखी आहे.

सप्टेंबर १९७३ मधील बॉबी रिग्ज यांच्याशी झालेल्या सामन्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की, येथे दोन वाक्ये पुरेत. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर २९ वर्षांच्या किंगबाईंनी ५५ वर्षांच्या रिग्ज यांना ६-४, ६-३, ६-३ असे हरविले. तो बराचसा तमाशा होता आणि त्यातील विजयाने लाखो मुलींना धीर दिला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. संघटना त्याआधी तीन महिने स्थापन झाली होती, पण लोकांच्या लक्षात तमाशा राहिला.

मिळविलेले टिकवावेही लागते, याचा पुरावा ऑस्ट्रेलियन स्पर्धेने दिला. तेथे १९८० च्या दशकात समान पारितोषिके सुरू झाली, १९९० च्या दशकाच्या मध्यास ती काढून घेण्यात आली आणि २००१ मध्ये पुन्हा देण्यात आली. विम्बल्डनने २००७ मध्ये समानता मान्य केली. न्यूयॉर्कनंतर चौतीस वर्षांनी. त्या वर्षी विजेत्या होत्या व्हीनस विल्यम्स, आणि त्यांनीही त्यासाठी जाहीर भांडण केले होते.

किंगबाईंच्या स्वतःच्या वाट्याला आलेला एक प्रसंग या व्यवसायाची ठिसूळ बाजू दाखवितो. १९८१ मध्ये एका स्त्रीशी असलेल्या पूर्वीच्या संबंधांवरून त्यांच्यावर खटला झाला. खटल्याचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण जाहिरातींचे करार केव्हाच हातचे गेले होते. वकिलांचे पैसे फेडण्यासाठी त्यांना निवृत्ती लांबवावी लागली, आणि १९८२ व १९८३ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्या विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचल्या. क्रीडालेखकांनी याला जिद्द म्हटले. जिद्द होतीच, पण ज्या व्यवसायात वेतन नाही, निवृत्तिवेतनाची शाश्वती नाही, प्रवास व प्रशिक्षकाचा खर्च स्वतःचा, आणि दुखापत झाली की उत्पन्न थांबले, तेथे जिद्दीला पर्याय तरी काय होता?

विजेती आणि विजेता यांच्यात समानता आली. विजेती आणि पहिल्या फेरीत हरणारी यांच्यातील अंतर मात्र प्रचंड राहिले. चार मोठ्या स्पर्धांच्या बाहेरही समानता पूर्ण झालेली नाही: संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात काही संयुक्त स्पर्धांसाठी २०२७ आणि उरलेल्या मोठ्या स्पर्धांसाठी २०३३ ही साले दिली आहेत. त्याच वर्षी संघटनेच्या व्यापारी शाखेतील वीस टक्के वाटा सीव्हीसी या खाजगी गुंतवणूक-कंपनीने पंधरा कोटी डॉलरांस घेतला. वर्षअखेरची स्पर्धा २०२४ मध्ये सौदी अरेबियातील रियाधला झाली. ख्रिस एव्हर्ट आणि मार्टिना नवरातिलोवा यांनी तिला आधीच जाहीर विरोध केला होता. किंगबाईंनी मात्र संवादाची बाजू घेतली. सिगारेट-कंपनीच्या काळातील त्यांचा युक्तिवाद आठवला तर त्यात आश्चर्य नाही. मार्च २०२५ मध्ये संघटनेने खेळाडूंसाठी बारा महिन्यांपर्यंतची सवेतन प्रसूती-रजा जाहीर केली. अशा प्रकारची रजा स्त्री टेनिसपटूंना यापूर्वी कधी मिळाली नव्हती. तिचा पैसा सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक-निधीतून येतो.