खडूचा खर्च आणि राज्याची तूट

आयुष्य फळ्यापुढें घालविलेल्या, जेमतेम मॅट्रिक झालेल्या मास्तरानें राज्याच्या अंदाजपत्रकावर बोलावें, हें आपणांस विचित्र वाटेल. परंतु तिजोरींत तूट आली कीं तिची झळ प्रथम कोठें लागते, हें शाळेंत बसून जितकें स्पष्ट दिसतें, तितकें मंत्रालयांतून दिसत नसावें.

राज्याच्या खर्चांतील कांहीं रकमांना हात लावतां येत नाहीं. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज हीं आधीं द्यावींच लागतात. कर्ज वाटेल तितकें काढावें, तर महाराष्ट्रांत २००५ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यानें त्यासही मर्यादा घातली. मग कात्री चालते ती वेतनेतर अनुदानावर.

वेतनेतर म्हणजे इमारतीचें भाडें, दुरुस्ती, वीज, प्रयोगाचें साहित्य, नकाशे आणि खडू. पांचव्या वेतन आयोगाचा बोजा आल्यानंतर खाजगी अनुदानित शाळांचें हें अनुदान २००४ च्या सुमारास थांबलें, तें २०१३ पर्यंत. तो आयोग आम्हां शिक्षकांच्याच पदरांत पडला होता, म्हणून तक्रार करावयास मला तोंड नाहीं. पण घडलें तें सांगतों.

पगार वेळेवर होत, त्यामुळें बाहेरून शाळा व्यवस्थित चालूं आहे असें दिसे. आंत विजेचें बिल थकून दोनदां जोडणी तुटली. सातवीच्या विज्ञानाच्या तासाला आम्लाची बाटली रिकामी. मग प्रयोग मीं फळ्यावर काढावयाचा आणि मुलांनीं वहींत उतरवून घ्यावयाचा. आम्लांत निळा लिटमस लाल होतो, हें त्यांना तोंडपाठ. लिटमस मात्र कोणीं पाहिलेला नाहीं. मुख्याध्यापकांनीं पालकांपुढें हात पसरावा, तर पालक बहुतेक शेतमजूर. अखेर आम्हीं शिक्षकांनीं दरमहा वर्गणी काढली. तींत खडू आले, छपराचीं कौलें नव्हेत. खडूचा तुकडा बोटांत धरवेनासा होईपर्यंत झिजविण्याची संवय मला तेव्हां लागली, ती अद्याप गेलेली नाहीं.

नव्या शिक्षकांची तऱ्हा आणखी निराळी. २००० सालापासून त्यांस पहिलीं तीन वर्षें 'शिक्षणसेवक' म्हणून ठराविक मानधनावर ठेवण्यांत येऊं लागलें. प्राथमिक शाळेंत तें कित्येक वर्षें दरमहा ६,००० रुपये होतें. २०२३ सालीं १६,००० झालें. सहा हजारांत भाड्याची खोली घेऊन राहणारा आमचा एक तरुण सहकारी सायंकाळीं किराणा दुकानांत हिशेब लिही. दुसऱ्या दिवशीं तो वर्गांत पेंगे, आणि त्याला रागावण्याचा धीर मुख्याध्यापकांस होत नसे.

राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असें कोठारी आयोगानें १९६६ सालींच सुचविलें होतें. असो.

त्या वर्षांतील माझी एक विद्यार्थिनी परवां बाजारांत भेटली. आतां ती परिचारिका आहे. "गुरुजी, खरा लिटमस मीं पहिल्यांदा अकरावींत पाहिला," असें ती हसत म्हणाली. माझ्या हातांत भाजीची पिशवी होती. ती या हातांतून त्या हातांत घेत मीं तिच्या नोकरीची चौकशी केली.