उघड्या गाडीतील गाणे

(सुवर्णमहोत्सवी शोभायात्रेच्या तयारीसाठी अंबत्तूर येथे भरलेल्या सभासदांच्या सभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या शोभायात्रेत एक उघडी जीप असावी, ज्यांना आता फार चालवत नाही अशा आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी तीत बसावे, आणि त्या जीपमधून वाटभर मराठी गाणी वाजावीत, असे कार्यकारिणीने ठरविले. यांपैकी गाणी वाजविण्याची जबाबदारी आम्हा चौघांवर आली. अंबत्तूर हे नाव ‘अंबदु’ म्हणजे पन्नास या तामिळ शब्दावरून पडले असे इकडे सांगतात. तेव्हा पन्नाशीच्या या गावात पन्नाशी साजरी करण्याचा योग आपल्या मंडळाला आला आहे, आणि तो नीट साजरा व्हावा ही आपणा सर्वांचीच इच्छा आहे.

कोणी म्हणेल, यात भाषण करण्यासारखे काय आहे? खिशातला फोन काढावा, तार जोडावी आणि गाणे लावावे. परंतु गेले काही आठवडे या कामाचा विचार करताना आमच्या ध्यानात आले की, आज यंत्र स्वस्त आहे, गाणी अमाप आहेत, आणि उणीव असलीच तर ती निवडीची आणि संयमाची आहे. उघड्या गाडीला छप्पर नसते. तीत वाजलेले गाणे गाडीतल्यांपुरते राहत नाही, रस्त्यावरच्या प्रत्येकाला ते ऐकावे लागते. आमच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

चालत्या वाहनात संगीत असावे ही हौस जुनी आहे. १९३० साली अमेरिकेत मोटोरोला या नावाने मोटारीतला रेडिओ विकावयास आला. १९५६ साली क्रायस्लर कंपनीने मोटारीत चक्क तबकडी वाजविण्याची सोय केली. पण चाकाला धक्का बसे तशी सुई उडे, आणि ती हौस फार काळ टिकली नाही. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली. १९८४ साली मोटारीत सीडी वाजू लागली. उघड्या वाहनात या प्रत्येकाला कोणी ना कोणी वैरी होताच. तबकडीला आणि सीडीला खड्डे सोसत नसत, तर कॅसेटला ऊन आणि धूळ सोसत नसे. पेनड्राइव्हच्या पद्धतीत मात्र फिरणारा एकही भाग उरला नाही. बोटाच्या पेराएवढ्या पेनड्राइव्हला खड्ड्यांचे भय नाही आणि धुळीचेही फारसे नाही. उघड्या जीपला मानवेल असे संगीताचे साधन प्रथम मिळाले ते या पद्धतीमुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याची साठवण पाहिली तर मन थक्क होते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, आणि आपले गायक तेवढ्यात अख्खा राग उभा करीत. ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाली तेव्हा एका गीतासाठी श्रोते आठवडाभर वाट पाहत. आज सीडीच्या प्रतीचे एक मिनिट सुमारे १० मेगाबाइट जागा घेते; एमपी-३ पद्धतीने तेच साधारण १ मेगाबाइटमध्ये बसते. म्हणजे १६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर अडीचशे तासांहून अधिक गाणी राहतात. आपली यात्रा तीन तासांची! म्हणून यादी करताना काय घ्यावे यापेक्षा काय गाळावे हाच प्रश्न मोठा आहे.

एमपी-३ मध्ये गाणे आक्रसते ते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या आवाजाखाली दबून गेलेला बारीक आवाज मनुष्याच्या कानाला ऐकू येत नाही. ही पद्धत नेमका तोच भाग वगळते. बंद खोलीत उत्तम उपकरणांवर कानसेनांना हा फरक कधी कधी कळतो. रस्त्यावर इंजिन, वारा आणि वर्दळ यांच्या गलक्यात तो कळण्याचा संभव नाही. तेव्हा जीपसाठी एमपी-३ पुरेसे आहे. अडचण निराळीच आहे. ख्यालातील आलापी किंवा भावगीताची हळुवार सुरावट या गलक्यात बुडते, आणि ती ऐकू यावी म्हणून आवाज चढविला की पुढची तान कानठळ्या बसविते. यास्तव ठेक्याची, समूहाने म्हणण्याची, आवाजाची पातळी साधारण एकसारखी असलेली गाणी यात्रेसाठी घ्यावी, आणि संगणकावर सर्वांची पातळी आधीच जुळवून ठेवावी. विलंबित ख्याल घरी ऐकावा. त्यात त्याचाही मान राहतो.

आता जोडणीविषयी. फोन वापरू नये असे आमचे मत आहे. चेन्नईच्या उन्हात तो तापून बंद पडतो. शिवाय आरती रंगात आली असता कर्ज हवे का असे विचारणाऱ्या कोणाचा फोन खणखणला तर तो गाडीभर घुमेल. पेनड्राइव्ह लावावा, आणि जोडीला त्याचीच दुसरी प्रत खिशात ठेवावी. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत जाडसर स्वतंत्र तार न्यावी आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात बसवावा; कारण फ्यूज राखतो तो तारेला, आणि बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा मात्र उघडाच राहतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार करणारी शीळ गाण्यात मिसळू लागली, तर दोष बहुधा आल्टरनेटरचा नसतो. यंत्रांची अर्थिंग गाडीच्या सांगाड्याला दोन निरनिराळ्या ठिकाणी केलेली असते, हे त्याचे नेहमीचे कारण. सर्व अर्थिंग एकाच जागी, रंग खरवडून घट्ट आवळावी, आणि विजेची तार एका बाजूने तर आवाजाची तार दुसऱ्या बाजूने न्यावी. शेजारच्या पाडीत १९६१ साली स्थापन झालेल्या लुकास-टीव्हीएसचा कारखाना वाहनांची विद्युतसामग्री बनवीत आला आहे. या परिसरात जाणत्या वायरमनची वाण नाही. त्यांचा सल्ला घ्यावा.

मिरवणुकीत गाडी पावलाच्या गतीने चालते. इंजिन मंद फिरते तेव्हा आल्टरनेटर वीजही कमी देतो, आणि उरलेला भार बॅटरीवर पडतो. म्हणून मोठा अँप्लिफायर आणून भागत नाही. खोक्यावर ‘दोन हजार वॅट’ असे छापलेले असले तरी तो पीएमपीओचा आकडा असतो. पाहावयाचा तो आरएमएस. आपल्याला चार ध्वनिक्षेपकांना प्रत्येकी चाळीस-पन्नास आरएमएस वॅट पुष्कळ झाले.

इथे काही सभासद म्हणतील, एवढ्याने कसे भागेल? उघड्यावर आवाज विरून जातो! विरतो हे खरे. बंद मोटारीत खर्जाचे स्वर कोंडले जाऊन भरदार लागतात. छप्पर काढले की ती भर जाते. आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. परंतु त्यावर शक्ती वाढविणे हा उपाय महाग आणि निष्फळ आहे. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटावा म्हणून वॅट सुमारे दसपट करावे लागतात. ध्वनिक्षेपक ऐकणाऱ्याच्या जवळ आणणे हा खरा उपाय. दोन लहान ध्वनिक्षेपक आसनांपाशी, वृद्धांच्या कानांच्या उंचीवर असावेत; दोन मागे, किंचित खाली कललेले, पाठोपाठ चालणाऱ्यांसाठी असावेत. कर्णे मुळीच नकोत. यात्रा डिसेंबरात आहे, म्हणजे ईशान्य मोसमी पावसाची सर केव्हाही येईल. म्हणून कागदी पडद्याचे ध्वनिक्षेपक न घेता पॉलिप्रॉपिलिनच्या पडद्याचे, पाण्याला टिकणारे घ्यावेत.

मग पन्नास-साठ पावलांवर चालणाऱ्यांनी काय ऐकावे? त्यांनी गावे! ध्वनी एका सेकंदात सुमारे ३५० मीटर जातो. म्हणजे ३५ मीटर मागे असलेल्या माणसाला ठेका एकदशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि त्याची टाळी पुढच्यांच्या टाळीशी जुळत नाही. कितीही मोठे यंत्र आणले तरी हे अंतर बुजत नाही. मागच्या मंडळींना टाळ-झांजा द्याव्या आणि त्यांची आपली दिंडी वेगळी चालू द्यावी. मार्गळी महिन्यात मैलापूरला कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांतून पापनाशम शिवन भजन करीत फिरत. त्यांच्यामागे यंत्र नव्हते, माणसे होती.

कायद्याचीही एक बाजू आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात तो उघड्यावर लावता येत नाही. दिवसाची मर्यादा औद्योगिक भागात ७५, व्यापारी भागात ६५, निवासी भागात ५५ आणि रुग्णालये-शाळा यांच्या भोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० डेसिबल आहे. अंबत्तूरची औद्योगिक वसाहत १९६४ ची. तिच्या भोवती घरे, शाळा, दवाखाने दाटीने उभे राहिले. आपला मार्ग वसाहतीतून निघून घरांच्या गल्ल्यांत शिरतो. म्हणून मार्गाच्या नकाशावर आम्ही आवाज उतरविण्याच्या जागा खुणावल्या आहेत, आणि दवाखान्यासमोर गाणे पूर्ण थांबेल. कायदा नसता तरी आम्ही हेच सुचविले असते.

कारण ज्यांच्या दारावरून आपण जाणार ते आपले शेजारी आहेत, आणि त्यांना आपले गाणे परके नाही. तंजावरच्या मराठी दरबारात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळी, १७९८ ते १८३२ या वर्षांत, पाश्चात्य वाद्यांना मानाचे स्थान मिळाले. पुढे तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाची रीत आत्मसात करून तामिळ हरिकथेला नवे रूप दिले; साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते इथे रुजली. आजही चेन्नईच्या कचेरीत शेवटी अभंग सुरू झाला की सभागृह ताल धरते. म्हणून आमच्या यादीत अभंग अधिक आहेत, आणि चार तामिळ भक्तिगीतेही आहेत. आपल्या मुलांना ती पाठ आहेत. त्यांच्या तोंडी ती ऐकून शेजारी दारात येतील.

यादी करताना एक गोष्ट मनाला लागली. स्वस्त यंत्राच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत नाहीत. प्रत्येक अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. यासाठी गाण्यांना शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन असे क्रमांक दिले आहेत, आणि ती त्याच क्रमाने पेनड्राइव्हवर उतरविली आहेत, कारण काही यंत्रे ज्या क्रमाने नकल केली त्याच क्रमाने गाणी वाजवितात. नावांची यादी मात्र देवनागरीत हाताने लिहून जीपमध्ये लावावयाची आहे. ती मुलांनी लिहावी असे आम्ही म्हटले, तेव्हा तामिळ आणि इंग्रजी झरझर लिहिणाऱ्या आपल्या कित्येक मुलांना देवनागरी लिहिताना अडखळावे लागते हे उघड झाले. यंत्राच्या पडद्यावरचे चौकोन नवे यंत्र आणून जातील. मुलांच्या डोळ्यांपुढचे चौकोन घालविणे आपल्याच हाती आहे. यादीच्या निमित्ताने दर रविवारी तासभर मुले जमू लागली आहेत. यात्रेनंतरही तो तास चालू राहावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. मंडळाच्या कपाटात जुन्या कॅसेटी आहेत. त्यांत गणेशोत्सवातील आरत्या आहेत, हळदीकुंकवाची गाणी आहेत, आज आपल्यात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. या दमट हवेत फितींवर बुरशी धरते, आणि ती एकदा पसरली की आवाज परत मिळविणे अवघड होते. बाजारातील गाणे पुन्हा विकत मिळेल. हे आवाज कुठल्याही दुकानात नाहीत. प्रत्येक फीत पुसून, एकदा पुढे-मागे फिरवून, चांगल्या वादकयंत्रावरून संगणकात उतरवावी. मूळ प्रत न आक्रसता ठेवावी, एमपी-३ केवळ गाडीसाठी करावी, आणि एकूण तीन प्रती तीन निरनिराळ्या घरांत ठेवाव्या. फितीतील खरखर पुसण्याच्या नादात आवाजाची धार घालवू नये. थोडी खरखर राहिली तरी चालेल; माणूस ओळखू आला पाहिजे.

महाराष्ट्रात आपली भाषा बंद गाडीतल्या गाण्यासारखी असते. चारी बाजूंनी ती आपोआप परत कानी येते. इथे छप्पर नाही. जे आपण म्हणू तेवढेच ऐकू येईल. त्यावर ओरडणे हा उपाय नव्हे. जवळ बसावे, स्पष्ट म्हणावे, आणि शेजाऱ्यालाही त्यात ओढावे.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे की, प्रत्येक घराने येत्या पंधरवड्यात एक गाणे सुचवावे, आणि घरात जुनी फीत असेल तर ती आणून द्यावी. शोभायात्रा निघेल तेव्हा पहिल्या क्रमांकावर मंडळाच्या पहिल्या पिढीने म्हटलेली आरती असेल. आपण सर्वांनी ती त्यांच्याबरोबर म्हणावी.