शाईतले रान
क्लोद लोराँ हा सतराव्या शतकातला, बरोक काळातला फ्रेंच चित्रकार. आयुष्य मात्र बहुतेक रोममध्ये गेले. शहराबाहेरच्या कांपान्या प्रदेशात, तिवोलीच्या परिसरात हिंडून तो झाडांची रेखाटने करी. पिसाच्या लेखणीने खोड आणि फांद्या काढायच्या, मग तपकिरी शाई पाण्याने पातळ करून कुंचल्याने सावली भरायची. उजेडासाठी बहुधा वेगळा रंग नाहीच. कागद कोरा सोडला की पालवीतून ऊन झिरपते. काही चित्रांत माणूस नाही, कथा नाही, नुसती निवांत झाडी, आणि तीच अधिक सरस. आपल्या तैलचित्रांची नक्कल होऊ नये म्हणून त्याने नोंदीदाखल रेखाचित्रांची एक वही ठेवली. ‘लिबेर वेरितातिस’ नावाने ओळखला जाणारा हा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.