हंसिणी आणि नाच्या



नाचणाऱ्या माणसाच्या मनाचं काय होतं, हे दाखवणारे दोन चित्रपट 2010 या एकाच वर्षी आले. पहिला आपला 'नटरंग'. तो वर्षाच्या पहिल्याच दिवशी, 1 जानेवारीला प्रदर्शित झाला. दुसरा डॅरेन अ‍ॅरोनॉफ्स्की यांचा 'ब्लॅक स्वान'. तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. या दोन्ही चित्रपटांना एकमेकांची खबरही नव्हती. तरी ते शेजारी ठेवून पाहावेत, असं मला मनापासून वाटतं.

'ब्लॅक स्वान'मधली नीना न्यूयॉर्कच्या एका बॅले कंपनीत नाचते. चायकॉव्हस्की यांच्या 'स्वान लेक'मध्ये तिला मुख्य भूमिका मिळते. पांढरी हंसिणी आणि काळी हंसिणी, दोन्ही तिनेच करायच्या. पांढरी तिला सहज जमते. काळीसाठी लागणारा बेभानपणा तिच्या अंगात नाही. घरी आई आहे, स्वतःचं नाचाचं स्वप्न अर्ध्यात सुटलेली, आता मुलीच्या श्वासावर नजर ठेवणारी. तालमीत दिग्दर्शक टोचतो आहे, मागे दुसरी नर्तिका उभी आहे. कुठेही चूक होता कामा नये, या ध्यासापायी नीनाचं मन हळूहळू दुभंगतं. आरशातलं तिचं प्रतिबिंबही तिचं ऐकेनासं होतं. नाताली पोर्टमन यांनी या भूमिकेसाठी वर्षभर बॅलेचा सराव केला आणि 2011 मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

आता 'नटरंग'मधल्या आपल्या गुणाकडे या. डॉ. आनंद यादव यांच्या कादंबरीवरून रवी जाधव यांनी 'नटरंग' केला. त्यांचा तो पहिलाच चित्रपट. त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुणा शेतमजूर, कमावलेल्या अंगाचा पैलवान आणि तमाशाचा वेडा. विहिरीवर पंप बसतो, हातची मजुरी जाते आणि हा गडी फड उभा करतो. राजाची भूमिका करायची, हे त्याचं स्वप्न. पण नाचायला येणारी नयना सांगते, फडात नाच्या हवा, म्हणजे बायकी ढंगाने नाचणारा पुरुष. नाच्या व्हायला कुणीच तयार नाही. तेव्हा गुणा स्वतः उभा राहतो. पीळदार अंग उतरवतो, चाल बदलतो, मान लचकवायला शिकतो.

ही भूमिका केली अतुल कुलकर्णी यांनी. सोलापूरकरांनो, हा आपला माणूस. इथल्या 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत काम करत ते घडले आणि पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. एकाच चित्रपटासाठी त्यांनी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग तेच झडवलं. तालीम म्हणजे काय, हे ज्या गावाला कळतं त्याला या कष्टांची किंमत वेगळी सांगायला नको.

नीनाला छळतो तिच्या तालीमखान्यातला आरसा. गुणाला छळते ती गावाची नजर. रंगमंचावर तो कलावंत असतो. खाली उतरला की बायकोच्या डोळ्यांत लाज, पारावर कुजबुज, आणि एके रात्री त्याच्यावर होणारा तो अमानुष अत्याचार. नीनाच्या मनात शिरून चित्रपट भीती दाखवतो. 'नटरंग'मधली भीती मात्र बाहेर, चांदण्यात, आपल्या ओळखीच्या माणसांच्या रूपाने उभी आहे. म्हणून ती मला जास्त खोल लागते.

ही निव्वळ कल्पना नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी मराठी पडद्यावरचा नाच्या अजरामर केला. ते संसारी गृहस्थ होते. पण लोकांनी भूमिकेलाच माणूस मानलं आणि त्याची झळ त्यांच्या घरालाही लागली. बिचाऱ्या कलावंताने तोंडाचा रंग पुसला, तरी लोकांनी तो पुसू दिला नाही.

आणि आपला सोलापूर जिल्हा तर लावणीचा. मोडनिंबची कलाकेंद्रं आहेत. अकलूजची राज्यस्तरीय लावणी स्पर्धा 1993 मध्ये सुरू झाली. आणि पंढरपूर हे तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचं जन्मगाव, साल 1935. त्यांचा एक प्रसंग आजही तमाशाच्या तंबूत सांगितला जातो. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. त्या तंबूमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, लुगडं घट्ट बांधलं आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. प्रेक्षक थांबले आहेत, पोटासाठी नाचलं पाहिजे, हा केवढा दाब असेल! न्यूयॉर्कच्या कुठल्याही पटकथेत एवढं धाडस सापडणार नाही. पुढे त्यांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. 2002 च्या जानेवारीत त्या वारल्या.

या प्रसंगाचा शेवट मात्र मला नेहमी धीर देतो. असं सांगतात की, विठाबाई परत आल्या तेव्हा समोरच्या लोकांनी त्यांचं रिकामं पोट पाहिलं. काय घडलं ते उमगलं. मग त्या गावकऱ्यांनी हात जोडून, बाई, आता पुरे, विसावा घ्या, अशी विनवणी केली आणि खेळ थांबवला.

नाच सगळेच पाहतात. त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी नाचणारीलाही पाहिलं.

श्रोतेहो, तुमच्या घरी नाच शिकणारी मुलगी असेल, मुलगाही असेल. स्पर्धेहून परतल्यावर कितवा नंबर आला हे विचारण्याआधी, दमलीस का, दमलास का, असं विचारा. आणि उद्या तुमच्या गावात फड उतरला, तर टाळी जरूर द्या. पण सकाळी तीच बाई किंवा तोच नाच्या पाण्याला, बाजाराला आला, तर नमस्कारही करा.